पाचवी बाई

दुपारचं जेवण आटोपलं की मी खिडकीचा पडदा ओढायचे, कानात इयरफोन घालायचे आणि आडवी व्हायचे. मग मऊ, भारदस्त आवाजाचा एक माणूस मला खुनाची गोष्ट सांगायला लागायचा. हे लिहिताना थोडी लाज वाटते. तीस वर्षं प्राथमिक शाळेत पाढे आणि कविता शिकवलेली बाई मी. निवृत्तीनंतर ही पोथ्या वाचेल, निदान नातवंडांसाठी स्वेटर विणेल, अशी घरच्यांची समजूत होती. सोलापुरात स्वेटर कुणाला लागतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला मात्र मोबाइलवरच्या त्या गोष्टींचं वेड लागलं. एकच खून करणारे मला चालायचे नाहीत. रागाच्या भरात कुणीही काहीही करून बसतं, त्यात काय ऐकायचं? मला लागायचे एकामागून एक माणसं मारणारे, थंड डोक्याचे, ज्यांच्याबद्दल शेजारी सांगतात की फार सज्जन हो, कधी वर मान करून बघायचे नाहीत.

"काय ऐकतेस ग हे अभद्र?" हे विचारायचे. हे म्हणजे माझे यजमान.

"झोप छान लागते," मी सांगायचे, आणि ते खरंच होतं. पंखा डोक्यावर संथ फिरत असायचा, पडद्यातून पिवळट उजेड यायचा आणि गोष्ट निम्मी जागेपणी, निम्मी झोपेत चालायची. कुठल्या तरी थंड देशातला खुनी माझ्या शाळेच्या व्हरांड्यातून चालत यायचा, टाकीपाशी थांबून ओंजळीनं पाणी प्यायचा, मला नमस्कार करायचा. मला भीती वाटायची नाही. याला आपण कुठल्या तरी इयत्तेत शिकवलंय असं वाटत राहायचं, आणि त्याचं नाव आठवत नाही म्हणून मी झोपेतच ओशाळायचे. जाग आली की उशीवर पडलेल्या इयरफोनमधून बारीक आवाज येत असायचा. तोवर दोन-तीन माणसं माझ्या नकळत मरून गेलेली असायची. मागे जाऊन ती ऐकायचा मला कंटाळा यायचा. खुनी कोण ते कळलं होतं, पुढे तो कसा सापडला एवढंच जाणून घ्यायचं असायचं.

ऐकलेलं पोटात राहत नाही, हा माझा जुना रोग. त्याला गिऱ्हाईक मिळालं गच्चीवर.

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. सकाळी नऊ ते बारा तिथं आमच्या बचत गटाच्या कडक भाकऱ्या होतात. आम्ही चौघी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणजे गटाच्या कारभारीण. तोंड फटकळ, हात सोन्याचा. दुसरी वहिनी. तिच्या सासरी पूर्वी चादरींचे माग होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि भाकरी भाजली की दोन्ही विसरून नुसतं "अय्यो". तिसरी मंद्रूपकडची. पस्तिशीची असेल. दिवाळीनंतर आली, रोज सकाळच्या बसनं यायची, कामापुरतं बोलायची. तिला आम्ही मंद्रूपचीच म्हणायचो. आणि चौथी मी. माझी भाकरी आजतागायत गोल झालेली नाही. त्या भाकरीवर भूगोल शिकवता आला असता. त्यामुळे मला थापायला बसवत नसत. शेकलेली भाकरी मंद आचेवर ठेवायची आणि फडक्यानं दाबत दाबत तिच्यातला ओलावा काढायचा, एवढं माझं काम. हात एकसुरी चालतो, तोंड मोकळं राहतं. म्हणून गोष्ट सांगायचं कामही ओघानंच माझ्याकडे आलं.

ज्वारीचं पीठ एकदा गरम पाण्यात मळलं की कुणाला उठता येत नाही. गार झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, भाकरीच्या कडा फाटतात. परातीतलं पीठ संपेपर्यंत चौघींना जागेवर बसणं भाग. काकूंनी त्यावरून नियमच करून टाकला होता, की पीठ आहे तोवर गोष्ट चालली पाहिजे. गोष्ट आधी संपली तर हात मंदावतात, बायका सासवा-सुनांवर येतात, आणि मग भाकरी जाड होते. "बाई, अजून दोन पाट्या पीठ आहे, लवकर पकडू नका त्याला," असं त्या मला बजावायच्या. मग मी पोलिसांना जरा आडवाटेला न्यायचे. शाळेत तास संपायला दहा मिनिटं उरली की फळ्यावर चित्र काढून वेळ कसा भरायचा, हे मला चांगलं जमायचं.

त्या जानेवारीत मी वडापच्या जीपवाल्याची गोष्ट सुरू केली. तशा गोष्टी परदेशातल्या असायच्या, पण ही आपल्याकडची होती, कर्नाटकच्या सीमेवरच्या बाजारगावांची. मोबाइलवरच्या माणसानं गावांची आणि माणसांची नावं बदलली आहेत असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. जीपवाला आठवडी बाजारातून परतणाऱ्या बायकांना न्यायचा. मागे माणसं कोंबलेली असायची, पण एकट्या बाईला तो मानानं पुढच्या सीटवर बसवायचा. ताई, इथं ऐसपैस बसा, म्हणायचा. बाकीची माणसं आपापल्या फाट्यावर उतरून जायची. शेवटी गाडीत तो आणि ती उरायचे. अशा पाच जणी.

गच्चीवर कोवळं ऊन असायचं. भाकरीची वाफ वर जाऊन पत्र्याखाली घुटमळायची, आणि त्या वाफेत माझा जीपवाला हळूहळू अंग धरू लागला. पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालायचा तो. कधी कुणाशी आवाज चढवून बोलला नाही.

"दिसायला कसा होता हो?" वहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"चांगला. उंच. केसाला तेल."

"इस्त्रीचा शर्ट घालून वडाप चालवतो म्हणजे तिथंच पाणी मुरतंय," काकू म्हणाल्या.

"बायको होती? त्याची आई असेल काय जिवंत? अय्यो, त्या आईचं काय झालं असेल."

त्याची आई, त्याची बायको, तो जेवायला काय खायचा, देवाला जायचा का, सगळं त्यांना हवं होतं. मला जेवढं ठाऊक तेवढं मी सांगायचे. बायकांविषयी कुणी काही विचारलं नाही. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चौथीच्या वेळी काकू म्हणाल्या, "कशाला बसायचं म्हणते मी परक्याच्या शेजारी?" आणि आम्ही माना हलवल्या. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मोबाइलवरचा माणूस हजारोंना सांगत असेल, पण वाफेत बसलेल्या तीन बायकांचे चेहरे त्याला दिसत नव्हते. मला दिसत होते. मंद्रूपची तर मान वर न करता ऐकायची, एक अक्षर न विचारता. अशी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत मिळाली नव्हती.

पाचव्या बाईच्या वेळी घोटाळा झाला. आदल्या दुपारी माझा डोळा लागला होता. चौथी संपताना मी जागी होते, आणि पुन्हा ऐकू यायला लागलं तेव्हा पोलिसांनी जीप अडवली होती. पाचवी बाई माझ्या झोपेत येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी गच्चीवर चौथीचं सगळं सांगून झालं आणि पाहते तर निम्मी परात अजून शिल्लक.

"मग पाचवी?" वहिनी म्हणाली.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी सांगायला सुरुवात केली.

"पाचवी बाई बाजारात उशिरापर्यंत रेंगाळली होती," मी म्हटलं. "तिच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. जीप आली. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि पुढची सीट पुसली. अगदी कोपऱ्यापर्यंत पुसली. बाई हसली. तिच्यासाठी आजवर कुणी जागा पुसली नव्हती. नवऱ्यानं नाही, भावानं नाही. ती त्या पुसलेल्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी निघाली तरी तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वारं सुटलं होतं. तिला वाटलं, हा रस्ता संपूच नये."

वहिनीचे डोळे भरले. काकूंचा हातसुद्धा थांबला. मंद्रूपचीनं थापत असलेल्या भाकरीला अंगठ्यानं आरपार भोक पाडलं होतं आणि त्या भोकाकडे ती बघत बसली होती.

"पडलं बघा भोक!" मी हसून म्हटलं. "अशी रंगते गोष्ट."

तिनं भाकरी मोडून पुन्हा उंडा केला. त्यानंतर दोन दिवस ती आली नाही. हुरड्याचे दिवस आहेत, शेतावर काम निघालं असेल, असं काकू म्हणाल्या. आम्ही नव्या खुन्याकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. घरी कधी आली नव्हती. सोफ्यावर बस म्हटलं तरी खाली बसली. मी चहा ठेवला. तिनं कप हातात घेतला, प्यायली नाही.

"बाई, एक इचारू का? ती हसली, हे कुणी बगितलं हुतं?"

"कोण ग?"

"पाचवी."

मला हसू आलं. अगं वेडे, मी झोपले होते तेव्हा, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

"माजी अक्का ती," ती म्हणाली. "मोठी भन."

स्वयंपाकघरात फ्रिजचा घरघर आवाज चालू होता, तेवढा मला ऐकू आला. ती बोलत राहिली, खालच्या मानेनं, भाकरी थापताना बसायची तशीच बसून. बारा वर्षं झाली म्हणाली. पहिल्या दिवशी जीप म्हटल्यावरच तिनं ओळखलं होतं. रोज यायची ती अक्काचा नंबर यायची वाट बघत.

"मग बोलली का नाहीस ग? मी गप्प बसले असते."

"म्हणूनच बोलले न्हाय. तुमी गप बसला असता." तिनं कप खाली ठेवला. "पोलिसांनी आमाला पिशवी दिली, एक चप्पल दिली. कुटं गावली ते सांगितलं. कशी मारली ते बी पेपरात आलं. त्याचा फोटू तर रोज यायचा, लोकं कापून ठेवायची. पर गाडीत बसताना अक्का कशी हुती, ते कुणीच सांगितलं न्हाय बाई. कोर्टात न्हाय, कुटंच न्हाय. तुमी पयल्यांदा सांगितलं."

मी तिचा कप उगाच थोडा बाजूला सरकवला.

"घरी जाऊन अव्वाला, आमच्या आईला, सांगितलं मी. म्हटलं, मोबाइलमदी सांगतात, अक्का हसत बसली. त्यानं शीट पुसली. अव्वा लई येळ गप. मग म्हणाली, म्हंजे घाबरल्याली नव्हती तर. त्या रातीला अव्वाला झोप लागली. बारा वर्सात मी तिला सलग झोपल्याली बगितली न्हाय." तिनं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमाला घिऊन ये म्हणालीय. तिला समदं तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."

खरं सांगायला हवं होतं ते त्याच वेळी. मी तिला विचारलं, साखर कमी झाली का चहात. आणि रविवारी येते म्हणून सांगितलं. माझ्या भित्रेपणाचा मला एवढा राग क्वचितच आला असेल.

ती गेल्यावर मी खुर्चीत ताठ बसून ती गोष्ट पहिल्यापासून ऐकली. दिवा लावून, डोळे उघडे ठेवून. तो लहानपणी कसा होता, आई त्याला कशी मारायची, शर्टाला इस्त्री कोण करायचं, अटकेनंतर त्याला तुरुंगात पत्रं कशी यायची, त्यातली काही लग्न करू म्हणणारी कशी होती, सगळं तपशिलात. पार्श्वभूमीला बासरी. मी झोपले होते तो भाग जवळ आला तसा मी आवाज वाढवला. त्यात काहीतरी असेल, निदान एखादा साक्षीदार, कुणी तिला बसताना पाहिलेलं असेल, अशी मला आशा होती. मऊ आवाज म्हणाला, "आणि मग पाचवी स्त्री बाजारातून घरी परतलीच नाही." बासरी वाजली आणि पोलिसांनी जीप अडवली.

एवढंच होतं. मी झोपले नसते तरी मला अधिक काही कळलं नसतं. मी यजमानांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "म्हातारीला झोप लागली ना? मग राहू दे की. तुझ्या खोट्यानं कुणाचं काय बिघडलं?" मला तो सल्ला फार आवडला. रविवारपर्यंत मी तो मनाशी घोळवत राहिले.

रविवारी ती मला न्यायला आली आणि मंद्रूपला आम्ही दोघी एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून तिच्या वस्तीपर्यंत जायला जीप उभी होती. ड्रायव्हर पोरगेलासा होता. त्यानं माझे पांढरे केस पाहिले आणि पुढचं दार उघडलं. "बसा मावशी, ऐसपैस." मंद्रूपचीनं माझा दंड धरला आणि मला मागे नेलं. एका बोकडाच्या आणि दोन पोत्यांच्या मधे आम्ही दोघी बसलो. "मी पुडं बसत न्हाय," ती म्हणाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. वारं सुटलं होतं. मी गच्चीवर जसं सांगितलं होतं अगदी तसंच सगळं होतं, आणि मला वाटायला लागलं की मी अजून दुपारच्या झोपेत आहे, उशीवर इयरफोन पडलाय, आणि आत्ता कुणीतरी पडदा बाजूला करेल. बोकडानं माझा पदर चघळला तेव्हा मी भानावर आले.

अव्वा लिंबाखाली बाजेवर बसली होती. सुपात भुईमुगाच्या शेंगा, एकेक फोडून दाणे वाडग्यात. मी बसल्यावर तिनं सूप बाजूला सारलं नाही. पाणी झालं, चहा झाला. धाकटी लेक चौकटीला टेकून उभी राहिली.

"सांगा," अव्वा म्हणाली.

मी तयारी करून गेले होते. रुमाल, मेथीची जुडी, हसू. म्हातारीनं डोळे माझ्यावर लावले होते. ते गढूळ झालेले डोळे होते, पण त्यात एवढी आशा होती की मला बघवेना. पहिलं वाक्य झालं. "ती बाजारात उशिरापर्यंत रेंगाळली होती..."

"हसताना पदर लावला हुता का तोंडाला?" अव्वानं मधेच विचारलं. "तिचा म्होरचा दात पडल्याला. नांगराला धडकली हुती ल्हानपनी. पदर लावल्याबिगर हसायची न्हाय."

मी हो म्हणू शकले असते. एक शब्द. पण मला त्या क्षणी ती दिसली, दात पडलेली, पदर शोधणारी एक खरीखुरी बाई. आणि इतके दिवस तिच्या जागी मी जिला बसवलं होतं तिचे सगळे दात शाबूत होते. मला रडू फुटलं.

"अव्वा, मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं. मोबाइलमध्ये तिच्याबद्दल काहीच नाही. एक वाक्य आहे. हसली, सीट पुसली, मेथी, सगळं मी माझ्या मनचं घातलं. पीठ उरलं होतं म्हणून."

चौकटीतली लेक हलली नाही. तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही. अव्वानं एक शेंग फोडली, दाणे वाडग्यात टाकले. दुसरी फोडली. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"समदं खोटंच व्हय?"

"होय."

"कुणीच बगितलं न्हाय तिला?"

"नाही."

पुन्हा शेंगा. मग ती सुपाकडे बघतच बोलायला लागली. "त्या दिसी माजं नि तिचं लई वाजलं. कशावरनं ते बी आता ध्येनात न्हाय. रागानं निघाली. म्या थापल्याल्या भाकरीला हात लावला न्हाय तिनं. तशीच गेली, उपाशी." तिचा हात थांबला. "बारा वर्सं भाकरीचा तुकडा मोडला की त्येच येतंय डोळ्याम्होरं. उपाशी मेली माजी लेक."

लिंबाची वाळकी पानं अंगणात फिरत होती.

"खोटंच सांगायचं हाय न्हवं तुमाला?" अव्वा म्हणाली. "मग तिला वाटंत कायतरी खायला घाला की, बाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी बाजेच्या कडेला सरकून बसले.

"बाजारात शिरल्या शिरल्या तिला भुकेची जाणीव झाली," मी म्हटलं. "हलवायाच्या पालापाशी ती थांबली. कढईत जिलेबी पडत होती."

"जिलबी नको. ग्वाड खात नव्हती."

"जिलेबी नको म्हणाली ती. शेजारच्या गाड्यावर भजी होती, कांद्याची."

"गरम हुती का?"

"कढईतनं काढलेली. कागद धरवत नव्हता हातात."

"संगं मिरची?"

"दोन. मीठ लावलेल्या."

"तीन खायाची."

"तीन घेतल्या. चिंचेच्या झाडाखाली दगडावर बसली, पिशवी पायाशी ठेवली. फुंकर मारून मारून खाल्ली. कागद संपला तेव्हा परत गेली आणि अजून घेतली."

अव्वाचे ओठ हलत होते, माझ्या शब्दांबरोबर, चव घेतल्यासारखे. "पानी?" तिनं विचारलं.

"गाडेवाल्यानं तांब्या दिला. घटाघटा प्यायली. हात धुतले. ओला हात तोंडावरनं फिरवला."

"आन मंग?" चौकटीतून धाकटी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "मंग काय झालं?"

जीप कुठंतरी वळणावर उभी होती. मी तिला पुढे येऊ दिलं नाही. मी म्हातारीकडे पाहिलं. अव्वानं वाडग्यातले दाणे मुठीत घेतले, अर्धे माझ्या ओंजळीत घातले आणि अर्धे स्वतःच्या तोंडात टाकले.

"मंग काय?" ती लेकीला म्हणाली. "जेवली की."